मूळच्या इथल्या

शेजारच्या शहरात आठ थोर व्यक्ती जन्माला आल्या असून आपल्या शहरात एकही आलेली नाही, ही गंभीर बाब नगराध्यक्षांच्या निदर्शनास एका उद्घाटनाच्या वेळी आली. शेजारच्यांनी पालिकेच्या दारातच आठ अर्धपुतळे ओळीने बसवले होते. एक शास्त्रज्ञ, एक गायिका, एक सेनापती. उरलेल्या पाचांनी नेमके काय केले होते हे तिथे कोणालाच सांगता आले नाही, पण पुतळे होते. तिथल्या नगराध्यक्षांनी मान तिरकी करून विचारले, "तुमच्याकडचे कोण?"

"आमच्याकडे पाणी चांगलं आहे," आपले नगराध्यक्ष म्हणाले.

लगेच 'थोर व्यक्ती शोध व संवर्धन समिती' स्थापन झाली. अध्यक्ष स्वतः नगराध्यक्ष, सचिव मुख्याधिकारी, आणि तज्ज्ञ म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक. शहरातल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या आणि त्यांतला कोणीही थोर होणार नाही याची त्यांनी जातीने काळजी घेतली होती.

शोधाला सुरुवात जोरात झाली. एका नामवंत नटाची गाडी आपल्या हद्दीत पंक्चर झाल्याचे निष्पन्न झाले. पण पंक्चर ज्या बाजूच्या चाकाला झाले, ती बाजू शेजारच्या हद्दीत होती, असा दावा लागलीच आला. एका कवयित्रीची आत्या इथे राहत असे. कवयित्रीने कळवले की आत्याशी आपले बोलणे नव्हते, आणि त्याचे कारण हे शहरच होते.

नगराध्यक्ष घरी जेवायला बसले तरी कपाळावरच्या आठ्या जाईनात. समोर त्यांची थोरली बहीण वाढत होती. तिचा उजवा पंजा पूर्वी छापखान्यात कागद कापायच्या यंत्रात गेला होता. आता त्या जागी कृत्रिम पंजा होता आणि त्याच्या बोटांत डाव अगदी घट्ट बसला होता.

"अरे, एवढं काय शोधताय?" ताई म्हणाली. "आपल्या हातवाल्या बाई आहेत की!"

हातवाल्या बाई म्हणजे बसस्थानकामागच्या पालिकेच्या जुन्या गोदामात कृत्रिम हात बनवणारी बाई. लांबलांबून लोक रिकाम्या बाह्या घेऊन तिच्याकडे येत आणि जाताना दाराशी थांबून मुद्दाम कडी लावून-काढून बघत. परदेशातल्या डॉक्टरांनी तिच्या पंजाची रचना उचलून धरली होती.

"त्या थोर?" नगराध्यक्ष हसले. "ताई, मी त्यांना परवाच बाजारात भाजी निवडताना बघितलं."

"मग? थोर माणसं भाजी घेत नाहीत?"

"घेतात. पण आपल्या देखत नाही."

तरीही बहिणीचा शब्द म्हणून नाव समितीपुढे आले. मुख्याधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. "तांत्रिक अडचण आहे. आपल्या ठरावात 'मूळच्या इथल्या' असा शब्द आहे. या बाई नुसत्याच इथल्या आहेत. मूळची इथली व्हायला आधी इथून जावं लागतं."

"शिवाय गणितात कच्ची होती," मुख्याध्यापक म्हणाले.

नाव बाजूला पडले. दरम्यान थोर व्यक्ती सापडल्यावर त्यांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न निघाला आणि गौरव दालनासाठी जागा बघण्यात आली. पालिकेच्या मालकीची, मध्यवर्ती आणि रिकामी करता येण्यासारखी एकच जागा होती. बसस्थानकामागचे गोदाम.

नोटीस मिळताच बाई पालिकेत आल्या. अंगावर कामाचा अॅप्रन तसाच होता, त्याला लाकडाचा भुसा चिकटलेला.

"कुणासाठी खाली करायचंय?"

"थोर माणसांसाठी," मुख्याधिकारी म्हणाले.

"कोण आहेत?"

"सध्या कोणी नाही. जागा झाली की येतील."

"साहेब, माझ्याकडे माणसं आत्ता आहेत. बेकरीवाल्याची बोटं अर्धी झालीयेत. दुकान बंद करून बसलाय बिचारा. दुसरी जागा तरी द्या."

"जागा फक्त थोर व्यक्तींच्या स्मृतींसाठी मंजूर आहे, बाई. तुम्ही अजून हयात आहात. शिवाय इथेच आहात. दोन्हीकडून बसत नाही."

बाईंनी बेकरीवाल्याची बोटे त्याच्याच भट्टीशेजारी बसून पुरी केली आणि महिन्याअखेर सामान ट्रकमध्ये भरले. एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयाने त्यांना आख्खा मजला देऊ केला होता. निरोप द्यायला ताई एकटीच होती. ती काहीतरी बोलणार होती, पण गोदामावर नवा फलक चढवणाऱ्यांनी शिडीसाठी दोघींना बाजूला व्हायला सांगितले.

पुढच्याच वर्षी बाईंना जगातला एक मानाचा पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्रांनी त्यांना त्या मोठ्या शहराची कन्या म्हटले, तेव्हा आपल्या शहराचे रक्त खवळले. ज्यांनी बाईंना कधी चहासुद्धा विचारला नव्हता, ते त्यांच्या आठवणी सांगू लागले. मुख्याध्यापकांना आठवले की मुलगी गणितात चमकदार होती. समितीने एकमताने पुतळा मंजूर केला. नगराध्यक्ष पत्रकारांना म्हणाले, "त्यांना इथून बाहेर पाठवण्यात पालिकेचा सिंहाचा वाटा आहे." आणि हे वाक्य कोणालाही खटकले नाही, कारण ते खरे होते.

दालनाच्या उद्घाटनाला बाई आल्या. जिथे त्यांचे कामाचे टेबल होते, बरोबर तिथे त्यांचा पुतळा होता. चेहरा साधारण नगराध्यक्षांच्या आईसारखा आला होता. शिल्पकाराला नमुना म्हणून त्यांचाच फोटो मिळाला होता.

बाई फार बोलल्या नाहीत. "पुतळा नको होता," त्या म्हणाल्या. "मला मागची खोली द्या. महिन्यातून चार दिवस येईन. इथल्या लोकांना तिकडे येणं झेपत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याधिकारी घाईने नगराध्यक्षांच्या कानाशी लागले. "साहेब, बाई परत आल्या तर पुन्हा नुसत्या इथल्या होतील. पुतळा उतरवावा लागेल."

नगराध्यक्षांनी माइक ओढला. "बाई मनाने मोठ्या आहेत म्हणून असं म्हणाल्या. पण त्या आता जगाच्या आहेत! त्यांना एका खोलीत कोंडण्याचं पाप आपलं शहर करणार नाही!"

आता टाळ्या आधीपेक्षा जोरात झाल्या. वाजवणारे तेच होते.

"अरे, माझ्या बोटांची तार तुटलीय!" पहिल्या रांगेतून ताई ओरडली. "दोन महिने झाले, बोटं मिटत नाहीत. मी कुठे जाऊ?"

"ताई, कार्यक्रम चालू आहे."

बाई व्यासपीठावरून उतरल्या. पुतळ्याच्या चौथऱ्यावरच बसल्या, ताईला शेजारी बसवले, पर्समधून बारीक पेचकस काढला आणि तिचा पंजा मांडीवर घेतला. "धुतल्यावर तार ओलीच ठेवता ना?" त्या म्हणाल्या. "किती वेळा सांगितलंय." ताई रडता रडता हसली. दोघी मान खाली घालून कामाला लागल्या, तेवढ्यात एक छायाचित्रकार पुढे आला.

"मावशी, जरा सरकता का? पुतळा झाकला जातोय."

संध्याकाळच्या गाडीने बाई गेल्या.

एकाच पुतळ्याने दालन ओकेबोके दिसते, म्हणून समितीने आता कामाचा दुसरा टप्पा सुरू केला आहे. पालिकेचे कर्मचारी घरोघर जाऊन विचारतात, की तुमच्या आसपास कोणी खरोखर गुणी माणूस अजून राहत आहे काय. असल्यास त्याला वेळीच बाहेर घालवता येईल. शहर एवढे मोठे, पण अद्याप एकही नाव मिळालेले नाही. जो तो शेजार डोळ्यांपुढे आणतो, भावंडे आठवून बघतो, कचेरीतली माणसे चाळतो आणि अगदी प्रामाणिकपणे सांगतो, "छे हो, आमच्यात तसं कोणी नाही." कर्मचारी जिना उतरू लागला, की वरून हळूच हाक येते, "म्हणजे, मी सोडून."

ते उद्या-परवा तुमच्याकडेही येतील. तुम्हाला एव्हाना एक नाव सुचलेच असेल. ते शेजाऱ्याचे निघाले, तर समितीला अवश्य कळवा. असा प्रकार अजून घडलेला नाही.