दशमीच्या दुपारची होडी

जोमादादांनी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर अकरा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून होडी केली आणि तिच्यात नवरी म्हणून मला बसवलं. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते आणि घरी दहावीच्या दोन तुकड्यांचे भूगोलाचे पेपर तपासायचे पडले होते. नवरदेवाच्या खुर्चीत आमचे सेक्रेटरी कुलकर्णीकाका होते. गच्ची कुठे गळते ते दाखवतो, असं सांगून दादांनी त्यांना वर आणलं होतं.

"टीचर, हालू नका! तुमी आता खारीच्या मधोमध हाव," दादा पाण्याच्या टाकीवर चढून ओरडले. खार म्हणजे खाडी, आणि टाकी म्हणजे गावचा किनारा. "मी दिसतंय का?"

"मान वळवली तर दिसता."

"आन मना तुमचा एक कान दिसतंय. तोंड नाय, पाठ पन नाय. म्हंजे घोटाला हाय!"

"घोटाळा गच्चीत आहे की गाण्यात?" कुलकर्णीकाकांनी शुद्ध पुणेरी आवाजात विचारलं.

हा खटाटोप चार ओळींच्या एका गाण्यासाठी होता. आगरी लग्नात धवलारीण असते. लग्नाचा एकेक विधी ती गाण्यातून लावते, आणि त्या गाण्यांना धवले म्हणतात. दादांना असे धवले ढिगाने पाठ होते, पण जीव अडकलेला होता तो ह्या एकात:

दशमीचे दिसाला भर दुपारा गो
होरी निंगाली पोरीची
अर्ध्या खारीन होरी थांबली गो
पाठ दिसली, तोंड नाय दिसला पोरीचा

संपलं. होडी कोणी थांबवली, का थांबवली, पोरीने पाठ का फिरवली, गाणं काही म्हणजे काही सांगत नाही. पोरगी रागावून बसली होती की रडत होती? जोमादादांना एवढंच हवं होतं, आणि तेही तातडीने, कारण त्यांच्या नातीचं, नेहाचं, लग्न महिन्यावर आलं होतं. हा धवला तिच्या मांडवात व्हावा अशी त्यांची फार इच्छा. पण त्यात एक अडचण होती. "रडत गेली असंल तं चालंल. नवरी रडतेच. पन रुसून गेलेली असंल, तं त्यो गाना मांडवान लावायचा नाय. पोरीचे संसाराला बरा नाय."

नेहा आयटीत आहे. ती म्हणाली, "आजोबा, हळदीला बेंजो आहे ना? मग हे स्किप करा की." दादा तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

आमची इमारत उभी आहे ती दादांच्या शेतावर. लहानपणी बापाबरोबर मिठागरात राबले, पुढे डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कंपनीत बॉयलर सांभाळला. आता वय बहात्तर. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, गळ्यात बोटाएवढी सोन्याची साखळी. पण ह्या माणसाचं खरं वैभव डोक्यात आहे. कुठलीही गोष्ट सांगायला जा, ते हात वर करून थांबवतात आणि म्हणतात, "पैला पानी सांगा."

पाणी म्हणजे खाडीचं. त्या वेळी भरती होती की ओहोटी, हे कळल्याशिवाय जगातली कुठलीच गोष्ट त्यांना समजत नाही. कुलकर्णीकाकांची स्कूटर चोरीला गेली तेव्हा सगळी सोसायटी हळहळत होती, आणि दादा विचारत होते, "तिथी कोनची?" काका म्हणाले, "अहो, चोराने पंचांग बघून नेली असेल का?" दादा शांतपणे म्हणाले, "त्यानं नसंल बगितला. आपुन बगायला काय जातंय?"

मी आधी हसायचे. मग एकदा त्यांनी मला हिशोब समजावला. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. "ही झाली मुंबईची. खारीतनं आपल्याकडं पानी चढायला दोन तास धरायचं." मी वर्गात भरती-ओहोटी वीस वर्षं शिकवली आहे, चंद्र-सूर्याच्या आकृत्या काढून. घरी येऊन फोनवर मुंबईचं भरतीचं वेळापत्रक काढलं आणि आठ दिवस ताडून पाहिलं. पंधरा-वीस मिनिटांच्या वर फरक पडला नाही. मी तोंडात बोट घातलं. त्या दिवसापासून मी त्यांना हसले नाही, म्हणजे समोर तरी नाही.

तर ह्या गाण्यासाठी दादांनी साक्षी जमवायला सुरुवात केली. भाजीवालीला विचारलं, वॉचमनला विचारलं. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले असताना शेजारच्या ट्रकवाल्याला काच खाली करायला लावून चारही ओळी हिंदीत समजावल्या. ट्रकवाला म्हणाला, "चाचा, गुस्सा होगी." दादांनी ते वहीत लिहून घेतलं. दाढ काढायला गेले तिथे अर्धा जबडा बधिर असताना डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाला, "रडत असेल हो, काका." म्हणजे दादांना हवं तेच म्हणाला. पण दादांनी त्याची साक्ष खोडून टाकली. "फी घेनारा मानूस गिऱ्हाइकाच्या मनासारका बोलतं. त्याचा धरायचा नाय."

मला ह्या माणसाचा अचंबा वाटतो तो इथे. स्वतःला सोयीचा पुरावा त्यांनी कधी पदरात घेतला नाही.

माझंही एक मत होतं. मी म्हटलं, "दादा, सोपं आहे. ओहोटी असणार. होडी चिखलात रुतली, म्हणून थांबली."

त्यांनी माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं पाहिलं. "गान्यान तिथी कशाला दिलेय, टीचर? दशमी. दहाचे पाऊनपट?"

"साडेसात."

"आन आपले खारीचे दोन. साडेनवाला पानी भरला. होरी निंगाली बाराला. ओहोट लागलेली, पन पानी अजून पुरुसभर व्हता. रुतायची ती तीनचे पुढं. होरी रुतली नाय. कुनीतरी थांबवली."

कुठल्याशा बाईने कधीतरी गायलेल्या चार ओळी, आणि हा माणूस त्यांच्याखालचं पाणी मोजत होता! मला अगदी खरं सांगायचं तर हात जोडावेसे वाटले.

मग आली ती गच्चीवरची होडी. दादांचं म्हणणं असं, की नवरीला माहेराकडे तोंड करून बसवायची रीत. आईला शेवटपर्यंत पोरीचं तोंड दिसावं म्हणून. पण ओहोटीत मधोमध नांगर टाकला की होडी प्रवाहाबरोबर फिरते आणि काठाला आडवी होते. मग काठावरच्या माणसाला नवरी कशी दिसणार? त्यासाठी मी, कुलकर्णीकाका आणि नऊ रिकाम्या खुर्च्या. आधी आम्ही टाकीकडे तोंड करून बसलो, मग दादांनी सगळी होडी एकेक खुर्ची उचलून आडवी फिरवली, आणि काका म्हणाले, "मला चक्कर येतेय." त्यांना खरंच येत होती.

निकाल लागला तेव्हा मात्र दादा टाकीवरून सावकाश उतरले आणि एका रिकाम्या खुर्चीत बसले. होडी आडवी झाली तर कान दिसतो. पाठ दिसत नाही. पाठ दिसायची असेल तर नवरीने जागेवरून उठून मुद्दाम दुसरीकडे तोंड करायला हवं.

"मुद्दाम फिरली पोरगी," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. "आयसकडं पाठ करून बसली."

"रडू दिसू नये म्हणून फिरली असेल."

"असंल. नायतर रुसली असंल. त्याला काय पानी लागत नाय. ते तिलाच म्हाईत."

"मग आता?"

"आता काय? आठ दिवस ऱ्हायले." खुर्च्या एकात एक घालून ते खाली घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात लग्नाची पत्रिका आणि पेढ्यांचा पुडा. "बहिनीला आवतन द्यायला चाललू, खारीपल्याड. तुमी चला. एक काम हाय." रिक्षात बसल्यावर काम कळलं. मी त्यांच्या बहिणीला ह्या धवल्याबद्दल विचारायचं होतं. "शालेचा प्रकल्प हाय म्हना. वही आनलीव ना? मी भायेर थांबतू."

"तुमची बहीण, तुम्हीच विचारा की."

रिक्षा नव्या पुलावर चढली. निम्म्यावर आल्यावर त्यांनी खाली खाडीकडे बोट केलं.

"हितंच थांबलेली होरी."

मला क्षणभर कळेना. मग हळूहळू कळलं. दादांची आई गावची धवलारीण होती. पंचक्रोशीत तिच्याशिवाय लग्न लागत नसे. स्वतःच्या मुलीची, यमुनेची, पाठवणी झाली तेव्हा ह्या चार ओळी तिच्या तोंडून आपसूक आल्या. काठावर उभ्या बायकांनी त्या उचलल्या. आईने मात्र हा धवला पुन्हा कधी गायला नाही.

"आन होरी थांबलेली ती माज्यासाठी," दादा म्हणाले. "आमच्यात नवरीबरोबर धाकला भाव जातं, सोबतीला. चार दिवस ऱ्हातं. तिला परका वाटू नये म्हनून. मी सा वर्सांचा. मना पान्याचा भ्या वाटायचा. सगली होरीन बसली आन मी पलून गेलू, आगरान मिठाचे राशीमागं लपलू. नाखवानं मधोमध नांगर टाकला, पोराला घेऊन या म्हनला. सगला गाव शोधत व्हता. पानी उतरत चाललेला. शेवटी गेली होरी." त्यांनी पुन्हा खाली पाण्याकडे पाहिलं. "एकली गेली माजी बाय."

"एवढ्या वर्षांत तुम्ही कधी विचारलं नाहीत?"

"दर सालाला राखी बांधते. मी आयलू का मांदेली तलते. इचारला, आन ती बोल्ली, हो, तुज्यावर रुसलेली, मंग?" त्यांनी पेढ्यांचा पुडा मांडीवर घट्ट धरला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी ह्या माणसाला गाण्याचं वेड आहे म्हणत होते.

यमुनाबाय ऐंशी ओलांडलेल्या. पुढच्या पडवीत सुपात जवळा निवडत बसल्या होत्या. दादा खरोखरच अंगणात भिंतीआड थांबले. मी वही उघडली, शाळा, प्रकल्प, लोकगीतं असं काहीबाही बोलले आणि चार ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी वाकून माझ्या कोऱ्या पानाकडे पाहिलं, मग अंगणाकडे.

"प्रकल्प काय? त्यो भायेर हुबा हाय ना? सावली दिसतेय त्याची."

मी वही मिटली. मास्तरणीला खोटं बोलायची सवय नसते.

"लिव," त्या म्हणाल्या. आवाज मुद्दाम चढवल्यासारखा वाटला. "रुसली पन नवती आन रडत पन नवती. मना त्यो दिसलेला. गावाच्या अंगानं दिसत नवता, पन होरीतनं सरल दिसायचा. लग्नाचा लाल टोपरा घातलेला आन पांढऱ्या मिठाचे राशीला टेकून बसलेला, लपलू म्हनून! माजे डोले सारके तिकडंच जायचे. सामने सासू बसलेली, मोटी चतुर बाय. मी आनखी एक डाव बगितला असता तं तिनं माजे नजरेमागं बगितला असता. मंग कान धरून आनला असता त्याला होरीन. पान्याला किती घाबरायचा माजा भाव! म्हनून मी उटली आन पाठ करून बसली. आयस नायतर बापूस, कोनाकडंच बगितला नाय."

सुपातल्या जवळ्यावर त्यांचा हात तसाच थांबला होता. अंगणात चपलांचा आवाज झाला आणि जोमादादा दारात आले. सोन्याची साखळी, इस्त्रीचा सदरा, आणि तोंड सहा वर्षांच्या पोराचं.

"मंग मना सांगितलास का नाय, बाय?"

"तू कवा इचारलास?"

दादा उंबऱ्यावरच बसले. पुडा हातातून सुटला, पेढे पडवीभर झाले, आणि ते मोठ्याने रडायला लागले. म्हाताऱ्या माणसाला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. यमुनाबायने सूप बाजूला सारलं, सरकत सरकत उंबऱ्यापाशी गेली आणि त्याचं पांढरं डोकं दोन्ही हातांनी ओढून आपल्या मांडीवर घेतलं.

"उगी, उगी," ती त्याला थोपटत म्हणाली. "होरी कवाच गेली. आता नाय नेत कोन तुना."