चौथी टाईल

मांडव्याच्या जेटीकडे जाणाऱ्या रस्त्याला अंगणवाडी क्रमांक दोनची भिंत होती आणि ती बारमाही ओली असे. आत वीस मुलं खिचडी खात. बाहेर बोटीची वाट पाहणारे ड्रायव्हर आणि गावातले प्रतिष्ठित नागरिक भिंतीचा लाभ घेत. अंगणवाडीसेविका प्राप्तीच्या तीन वर्षांच्या लेकीला, केसरला, खिचडीचा खरा वास ठाऊकच नव्हता.

ग्रामपंचायतीनं याविरुद्ध दोनदा ठराव केला. दुसरा ठराव मांडून बाहेर पडलेले हिरामणनाना थेट भिंतीकडेच गेले.

शेवटी प्राप्तीनं भिंतीवर लावायला अलिबागहून देवांच्या चार टाइल्स आणल्या. गणपती, मक्का आणि क्रूस सुखरूप पोचले. चौथी एसटीत फुटली. कोणता देव फुटला, हे तिनं शहाणपणानं कोणालाच सांगितलं नाही. त्या जागी घरच्या न्हाणीतली उरलेली टाईल लावली. पांढऱ्यावर निळा मासा.

दोन दिवसांत भिंत सुकली.

"आई, वास येतो," केसर म्हणाली.

"कसला गं?"

"खिचडीचा!"

प्राप्तीनं तिच्या इवल्या नाकाचा मुका घेतला.

पुढे अडचण झाली ती माशाची. बाकीच्या तिघांना काय चालतं, काय नाही, हे गावाला माहीत होतं. माशाचं काहीच माहीत नव्हतं, म्हणून सगळे त्यालाच जास्त घाबरू लागले.

"सूनबाय, यो कुनाचा देव हाय?" हिरामणनानांनी विचारलं.

"देव कसला नाना, न्हाणीतली टाईल आहे."

"असं बोलू नको गो, कोपंल!" मग नाना हळूच म्हणाले, "मी हितं तीस वर्षं... त्येला म्हाईत असंल काय?"

"सगळं माहीत असणार. भिंत धुऊन काढा."

नानांनी भिंत धुतली. त्याच आठवड्यात त्यांचा गुडघा दुखायचा थांबला. मग शेड आली, घंटा आली, ट्रस्ट आला. अध्यक्ष अर्थातच नाना. भिंतीशी त्यांचा संबंध सर्वांत जुना होता.

लवकरच ट्रस्टमध्ये फूट पडली. स्वस्तातल्या छपाईमुळे माशाचं तोंड कुठलं नि शेपूट कुठली, ते कळत नव्हतं. एक गट म्हणे मासा येतोय, दुसरा म्हणे जातोय. दोन ठरलेली लग्नं यावरून मोडली. पोलिसांनी शांतता समिती नेमली. समितीत दोन्ही गटांचं एकमत एकाच मुद्द्यावर झालं: पावित्र्य. परिसरात अंडं शिजू नये आणि चड्डी ओली करणाऱ्या व्यक्तींना प्रवेश नसावा.

वीसही व्यक्तींची अंगणवाडी तात्पुरत्या स्वरूपात बर्फाच्या कारखान्यामागं हलवण्यात आली. तिथंही भिंत होती. ट्रस्टनं भक्तांसाठी पाटी लावली, 'लघवीसाठी मागे जावे', आणि बाण काढला.

केसर पुन्हा नाक दाबून जेवू लागली.

प्राप्ती छिन्नी-हातोडी घेऊन न्हाणीत शिरली. तिथं असे बेचाळीस मासे होते. नव्या भिंतीला एक पुरेसा होता.

"आई, बाप्पाला लागेल."

"बाप्पा नाही गं राणी, टाईल आहे."

छिन्नी निसटली, माशाला ओरखडा गेला. प्राप्तीनं चटकन टाइलीला बोट लावलं आणि ते कपाळाला टेकवलं.

मग दचकून मागं पाहिलं. कोणी नव्हतं, फक्त केसर. केसरनंही बोट लावून कपाळाला टेकवलं आणि गंभीरपणे म्हणाली, "येतोय तो."

प्राप्तीच्या हातातली छिन्नी तशीच राहिली. तिनं वाकून मासा नीट निरखला.

तिला तर तो स्वच्छ जाताना दिसत होता.