अनावेदक क्रमांक दोन

पोलिसात जायचं नाही, आपसात मिटवायचं, हे मी ठरवलं तेव्हा आमच्या गाडीचा आरसा अजून रस्त्यावर पडलेला होता. (इतका झटपट निर्णय मी एकतीस वर्षांच्या बाबूगिरीत कधी घेतलेला नाही.)

बहादरपुरहून आम्ही शनवाऱ्यातल्या आमच्या घरी येत होतो. माझी बायको मंगला एका लग्नघरी मांडे करून दमली होती. मांडा तिनेच करावा. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरवते आणि खापरावर टाकते, कुठे भोक नाही. तर मळ्याच्या वाटेवरून केळीचे घड भरलेली एक पिकअप न थांबता डांबरीवर आली आणि आमच्या गाडीला पुढून धडकली. मंगलाने समोर उजवा हात टेकला म्हणून डोकं वाचलं.

मी तावातावाने उतरलो. पिकअपवाला पोरगा हात जोडून उभा.

"गलती झाली काका. ब्रेकच नाही लागला."

"कुठला तू?"

"देडतलाईचा. समाधान."

देडतलाईला माझी चुलतबहीण दिलेली आहे. चौकशी केली, तर हा तिच्या जावेचा मुलगा निघाला. म्हणजे माझा भाचा. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. ज्याच्या पाया पडायचं त्याच्याविरुद्ध रिपोर्ट कसा लिहवायचा? समाधानने तेवढ्यात टपरीवरून चहा आणला. 'काका'चा 'मामा' झाला आणि माझा सगळा ताव उतरला.

"मामा, एक कागद करून घेऊ," तो म्हणाला. "मालक विचारतो मग. पण मला लिहिता नाही येत बराबर."

इथे माझा घात झाला. कचेरीत माझ्या मसुद्यात साहेबांना कधी काना-मात्रा बदलावी लागली नाही. मी बॉनेटवर कागद पसरला आणि आमच्या कचेरीच्या शुद्ध सरकारी हिंदीत लिहायला घेतलं.

"अहो," मंगला गाडीतून म्हणाली, "माझा हात..."

"थांब जरा. वाक्य तुटतं."

ती थांबली. मी लिहिलं, "मेरी एवं मेरी धर्मपत्नी की कोई शिकायत न आज है, न भविष्य में रहेगी." दोघांनाही दुखापत नाही, असंही लिहिलं. (एकीला विचारलं नव्हतं.) भाच्याला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून 'वाहन की गति मेरी भी अधिक थी' अशी एक ओळ वर घातली. गाडी मी चाळीसच्या पुढे आयुष्यात नेलेली नाही. सही केली, मोबाईलवर फोटो काढून ठेवला आणि कागद भाच्याच्या हाती दिला.

घरी आल्यावर मंगलाचं मनगट सुजलं. मी म्हणालो, मुका मार आहे. शेजारच्या मालूबाईंनी गरम तेल लावून चांगलं रगडून दिलं. तीन दिवस मंगला त्याच हाताने कणीक मळत होती. चौथ्या दिवशी तिच्या हातून पाण्याचा तांब्या सुटला, तेव्हा मी दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. "हाडाला तडा होता. रगडून आणि काम करून ते सरकलंय. त्याच दिवशी आणलं असतं तर नुसत्या प्लास्टरवर भागलं असतं. आता तार घालावी लागेल."

"मांडे करता येतील का?" मंगलाने विचारलं.

"मनगट किती वळेल ते आत्ता नाही सांगता येत. आणि ही अपघाताची इजा आहे, मला पोलिसांना कळवावं लागेल."

बाहेर बाकावर मी तिला म्हणालो, "तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते," ती म्हणाली. "तुम्ही लिहीत होता."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटली. तिचं दुखणं मी तिच्यासमोर कागदावर पुसून टाकलं होतं, तेही वळणदार अक्षरात.

ऑपरेशन झालं, पोलिसात रिपोर्टही झाला. मग आम्ही रश्मी वकिलीणबाईंकडे गेलो. त्यांनी कागदाचा फोटो दोनदा वाचला.

"हा मसुदा कोणत्या वकिलाचा?"

"माझा," मी ताठ बसलो.

"तुमच्यापुरतं तुम्ही काही शिल्लक ठेवलेलं नाही. पण यावर मंगलाताईंची सही कुठंय?"

"तिची कशाला? धर्मपत्नी लिहिलंय ना."

"देव पावला म्हणा. हात त्यांचा मोडलाय, तर हक्कही त्यांचा आहे. तो तुम्हाला लिहून देता येत नाही. त्यांचा दावा लागेल." त्यांनी फोटोतली गतीची ओळ दाखवली. "पण वेग जास्त होता हे तुम्हीच कबूल केलंय. आपल्या कोर्टाच्या भाषेत ज्याच्यावर दावा तो अनावेदक. तेव्हा पिकअपवाला अनावेदक क्रमांक एक."

"आणि दोन?"

त्यांनी फोटोतल्या माझ्या सहीवर बोट ठेवलं.

हकिगत लिहून आणायची होती. मंगलाचा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे ती सांगत गेली आणि माझ्याविरुद्धचा दावा मीच लिहीत गेलो.

"लिहा. अनावेदक क्रमांक दोनने दुखण्याकडे लक्ष दिलं नाही."

"'पुरेसं लक्ष' लिहू का? म्हणजे थोडं..."

"थांबा. वाक्य तुटतं."

मी थांबलो आणि तसंच लिहिलं. डाव्या हाताने सही करण्याआधी तिने सगळा कागद दोनदा वाचला.

दावा अजून चालू आहे. तार निघाली, रोजचा व्यायाम झाला आणि अडीच महिन्यांनी मंगलाने चुलीवर खापर ठेवलं. मी पाट घेऊन समोर बसलो. पहिला मांडा कोपराकडे पसरता पसरता मनगटापाशी अडला आणि फाटला. तिने तो तसाच भाजून बाजूला ठेवला. दुसरा गोळा तिने सावकाश फिरवला, तो अख्खा उतरला. तिने मनगट एकदा वळवून पाहिलं आणि हसली. मला वाटलं, सुटलो एकदाचा. मी ताट पुढे केलं.

अख्खा मांडा तिने मालूबाईंसाठी झाकून ठेवला. फाटका माझ्या ताटात टाकला.

"हा," ती म्हणाली, "अनावेदक क्रमांक दोनचा."