पायरीसाहेबांचा सल्ला

विश्वास दोन प्रकारचा असतो. एक ओळखीच्या माणसांवर ठेवायचा. तो धोक्याचा असल्याने शहाणे लोक टाळतात. दुसरा अनोळखी माणसांवर ठेवायचा. तो अगदी सुरक्षित, कारण अनोळखी माणसाविरुद्ध आपल्याकडे एकही पुरावा नसतो.

माझ्या बाबांचं कुलपांचं दुकान असल्यामुळे या विषयात त्यांचा शब्द अंतिम मानला जातो. आमच्या दाराला तीन कुलपं आहेत (चौथ्याला जागा उरली नाही, ते कपाटाला गेलं). कपाटाची किल्ली बाबांच्या कमरेला असते. घराच्या किल्ल्यांचे जुडगे दोन: एक बाबांकडे, दुसरा आईकडे. तिला तो लग्नानंतर यथावकाश, म्हणजे मी बालवाडीत जायला लागल्यावर, प्रदान करण्यात आला. मी आता दहावीत आहे. शाळा दुपारी सुटते, आई दवाखान्यातली ड्यूटी संपवून संध्याकाळी येते, आणि मधला काळ मी जिन्याच्या पायरीवर व्यतीत करते. तिथे माझा अभ्यास चांगला होतो, असं बाबांचं निरीक्षण आहे (त्यांनी तो होताना पाहिलेला नाही). वरच्या काकू जाता-येता "अजून इथंच का गं?" विचारतात. मी सांगते, इथं वारा छान येतो. जिन्याला खिडकी नाही.

किल्लीसाठी माझा अर्ज तोंडी असायचा, आणि निकालही.

"किल्ली ही हरवण्याची वस्तू आहे," बाबा म्हणायचे.

"मी आजवर काय हरवलंय?"

"छत्री."

"ती तुम्ही नेली होतीत."

"मग आठवण कुणी करून द्यायची?"

अशा या काटेकोर माणसाने गेल्या वर्षी घरातला संगणक विज्ञानाला वाहिला. दूरच्या कुठल्याशा विद्यापीठातले शास्त्रज्ञ एका रोगावर संशोधन करतात. त्यांची गणितं इतकी अवाढव्य की ती तुकडे करून घरोघरच्या रिकाम्या संगणकांना वाटली जातात. उदात्त कार्य, यात शंका नाही. बाबांनी अटींची सतरा पानं न वाचता 'मान्य आहे' दाबलं ("शास्त्रज्ञ माणसं, वाचून त्यांचा अपमान कशाला?"). तेव्हापासून कधी न पाहिलेल्या माणसांचा प्रोग्रॅम आमच्या घरात केव्हाही येतो, बसतो, काम करतो, जातो. त्याला किल्ली लागत नाही. संगणक तापतो, फॅन घुमतो, आई त्याच्यामागे मोजे वाळत घालते. संशोधनाचा आमच्यापर्यंत पोचलेला हा पहिला लाभ.

प्रकल्प मात्र बाबांवर काडीचा विश्वास ठेवत नाही. एकच गणित तो दोन अनोळखी घरी पाठवतो आणि उत्तरं जुळली तरच खरी धरतो. हे कळल्यावर बाबा दुखावतील असं वाटलं होतं. ते भारावले. "याला म्हणतात पद्धत."

तेव्हा मला माझी चूक उमगली. मी बाबांच्या ओळखीची होते, आणि तीही जन्मापासून.

दुरुस्ती म्हणून मी शाळेच्या संगणकावरून, प्रकल्पाच्या मराठी स्वयंसेवकांच्या चर्चागटात (बाबा तो रोज वाचतात) 'पायरी' या नावाने दाखल झाले. थोडकं लिहायचे. 'धीर धरावा.' 'फॅनवरची धूळ पुसावी.' आठवड्याभरात जेवताना विषय निघाला.

"पायरीसाहेब म्हणून एक आहेत. फार अनुभवी माणूस. धूळ पुसा म्हणाले; पुसली, तर फॅन गप्प."

"धूळ पुसा म्हणून मी महिनाभर घसा कोरडा करतेय," आई म्हणाली.

"तुझं सांगणं वेगळं गं."

जमीन तयार झाल्यावर पायरीसाहेबांनी मत नोंदवलं: घरात मोठी मुलगी असल्यास तिच्याकडे किल्ली असावी, बंद घरात संगणक भलताच तापला, तर बघणारं कुणी हवं. बाबा अस्वस्थ झाले, पण पद्धत म्हणजे पद्धत. एका उत्तराला निकाल म्हणत नाहीत. त्यांनी तोच प्रश्न गटात टाकून दुसऱ्या कुणाचं स्वतंत्र उत्तर मागवलं. 'उंबरठा' नावाच्या सदस्याने लगेच कळवलं: मुलीला घराची किल्ली द्यावी, बायकोला कपाटाची.

मी स्वयंपाकघरात गेले. आई भांडी घासत होती.

"हा उंबरठा कोण गं?"

"ही पायरी कोण गं?" आई म्हणाली, आणि पातेलं विसळायला घेतलं.

बाबांनी जाहीर केलं की उत्तरं जुळत नसल्याने दोन्ही बाद. त्यावर पायरीसाहेबांनी, कपाटाचा मुद्दा आपल्या नजरेतून सुटल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करून, सुधारित उत्तर दिलं. ते जुळलं. रविवारी बाबांनी दोन्ही किल्ल्या समारंभपूर्वक सुपूर्द केल्या.

"एकमेकांना ओळखत नाहीत बिचारे," त्यांचा आवाज जड झाला होता, "तरी उत्तर एकच. खोटं असेल कसं?"

आईने कपाट उघडलं. वरच्या खणात छत्री होती.

आता दुपारी मी थेट घरात जाते. वाऱ्याचं काय झालं, असं काकूंनी विचारलं. बंद पडला, मी म्हणाले.

वाचकहो, हे सगळं तुम्ही इथवर खरं धरून वाचलंत. माझं नाव विचारलं नाहीत, बाबांना फोन केला नाहीत, दुसरं उत्तर मागवलं नाहीत. आभारी आहे. हेच तुमच्या मुलीने सांगितलं असतं, तर आधी शेजारच्या काकूंकडे चौकशी केली असतीत. तिला काय म्हणायचंय ते एकदा विचारून बघा. लांब जायला नको, दारच उघडा. पायरीवर असेल.