थॉर्नबीच्या साहेबाचं पान

सर्वपित्री अमावस्येला आमच्या शेजारचे काकाजी छतावर तीन पानं वाढतात. एक वडिलांचं, एक आईचं आणि तिसरं सर हेन्री थॉर्नबी यांचं.

सर हेन्री हे इंग्लंडातल्या थॉर्नबी घराण्याचे शेवटचे बॅरोनेट. बॅरोनेट म्हणजे बापाच्या मागे मुलाने 'सर' म्हणवून घेण्याचा पिढीजात मान. हे मला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. मी सिंदी मेघेत राहणारा, पतसंस्थेतला साधा कारकून. पण काकाजींना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही, म्हणून थॉर्नबींच्या पिढ्या मला माझ्या आजोळापेक्षा जास्त पाठ आहेत.

काकाजी निवृत्त तलाठी, म्हणजे आमच्याकडचे पटवारी. उभा जन्म वडनेरकडच्या गावांत वारसांच्या नोंदी करण्यात गेला. बहिणींची लग्नं लावता लावता स्वतःचं राहून गेलं, एवढंच मला माहीत. पुढचं विचारायचं धाडस झालं नाही, आणि ते मला खुपत राहतं.

निवृत्तीनंतर त्यांना रद्दीच्या दुकानात इंग्रज घराण्यांवरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. थॉर्नबींच्या पानावर शेवटी शेरा होता: निर्वंश, किताब संपुष्टात. पटवाऱ्याला हे सहन होईना.

"असं कसं संपुष्टात?" ते भिंतीवरून मला विचारत, जणू शेरा मीच मारला होता. "चौकशी केली काय? गावात दवंडी देल्ली काय? देशमुखीच समज तू. माणूस मेला म्हणून देशमुखी मरते काय?"

पहिल्या थॉर्नबीने राजाला पैसे देऊन किताब घेतला. ("सुरुवात चिरीमिरीचीच, पण नोंद पक्की!") दुसऱ्याने लढाईत एक कान गमावला. चौथ्याला सगळ्या मुलीच, म्हणून किताब पुतण्याकडे गेला. इथे काकाजी दरवेळी लाल होत. "लेकी जित्याजागत्या होत्या न बाप्पा! आपल्या इथं साऱ्याइची नावं चढली असती सातबाऱ्यावर." शेवटच्या सर हेन्रींनी लग्नच केलं नाही. कुत्री पाळली, गुलाब लावले आणि गेले. या किताबाला दत्तक चालत नाही हे कळलं, त्या दिवशी काकाजी जेवले नाहीत.

यंदा अमावस्येला मी आणि माझी बायको सुनंदा त्यांच्या छतावर होतो. आईवडिलांची पानं कावळ्यांनी केव्हाच शिवली. साहेबाच्या पानाकडे कोणी फिरकेना.

"काकाजी, आपल्या कावळ्याइले इंग्रजी कुठं येते?" सुनंदा म्हणाली.

"कावळा पटवाऱ्यासारखा असते, सूनबाई. हद्दीत येईन त्या साऱ्याइचं पाह्यते."

"मंग साहेब काटा-चमचा शोधून राह्यले असन."

काकाजी हसले नाहीत. पानापुढे हात जोडून म्हणाले, "साहेब, चौकशी चालू हाये. मी हाये तोवर फाइल बंद नाई होत."

थोड्या वेळाने एक कावळा आला आणि वडा घेऊन गेला. काकाजी पाण्याच्या टाकीला टेकून बसले. त्यांना धाप लागली होती.

"विलास, पुढच्या हप्त्यात छातीचं ऑपरेशन हाये माह्यं."

मी नेहमीसारखा गडबडलो. "काकाजी, आजकाल त्यात काही..."

"ते जाऊ दे. मी नसलो त साहेबाचं पान तू वाढजो. त्याचं कोणी नाई."

मी मान हलवली. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "साहेबांना काय काय आवडतं?"

काकाजींनी साहेबाच्या पानाकडे पाहिलं.

"वडे नरम पाह्यजे त्याले. दात नाई राह्यले. कढी जास्त आंबट नको, जरासा गूळ टाकजो. आन लवकर वाढत जाय. उशीर झाला की त्याचं डोकं दुखते."

गूळ घातलेली कढी सुनंदा वर्षानुवर्षं आमच्या भिंतीवरून पलीकडे देत आली आहे. ती माझ्याकडे बघत होती. मला मान वर करता येईना.

तिने पदर सावरला आणि पानं गोळा करायला घेतली.

"वाढीन न, काकाजी," ती म्हणाली. "पण साहेबाले म्हणा, बिलकुल घाई करू नका."