साळिंदराची दुसरी बाजू

विषय : पाणवठ्यावर पाणी पिण्यास पूर्ववत परवानगी मिळणेबाबत.
अर्जदार : आबाजी साळिंदर, राहणार वारुळामागचं बीळ.
संदर्भ : १) सातभाईंनी सकाळी दिलेली बातमी. २) त्याच बातमीची दुपारी केलेली दुरुस्ती.

उपरोक्त विषयास अनुसरून, मुलांनो, नीट मांडी घालून बसा आणि नाकात बोटं घालू नका.

सदर जंगल एकच होतं, आणि उन्हाळ्यात त्यात पाणवठाही एकच उरला होता. काठावर करंजाचं झाड होतं. त्या झाडावर सातभाई बसत. सातभाई म्हणजे ते मातकट रंगाचे पक्षी. सात जण एकत्र राहतात, एकत्र उडतात आणि एकाच वेळी बोलतात. जंगलात याला वृत्तसेवा म्हणत.

रोज सकाळी जनावरं पाणी प्यायला येत. पाणी पिता पिता बातम्या ऐकत. मान खाली आणि कान वर, अशी सगळ्यांना सवय झाली होती.

आबाजी साळिंदर मात्र सकाळी येत नसे. साळिंदरं दिवसा झोपतात. तो तिन्हीसांजेला येई, पोटभर पाणी पिई, अंग झाडी आणि खायला निघून जाई. अंग झाडताना कधी एखादा काटा गळून पडे. तुमच्या आजोबांचे केस गळतात ना, तसा.

एके दिवशी असाच एक काटा काठावर पडून राहिला. सकाळी भैरू रानडुक्कर आला आणि त्याने त्यावर पाय ठेवला. मग तो जे ओरडला, त्याने अर्धा पाणवठा रिकामा झाला.

सातभाई खाली उतरले.

"भैरूदादा, काटा कुणाचा?" थोरल्या भावाने विचारलं.

"साळिंदराचा. पण तो पडलेलाच होता रे, माझंच लक्ष..."

"बास, बास. दुखण्यात जास्त बोलू नये."

सातांतला एक जरा हळव्या मनाचा होता. तो म्हणाला, "थोरले, दुसरी बाजू?"

"म्हणजे काय? घ्यायचीच," थोरला म्हणाला. "आपण नियमाने चालणारे."

जंगलाचा तसा जुना नियमच होता. ज्याच्याबद्दल बातमी, त्याला आधी विचारायचं. सातही जण बिळाच्या तोंडाशी गेले आणि एका दमात ओरडले, "आबाजी, हल्ला का केलात?"

आत आबाजी घोरत होता.

सातभाईंनी तीन श्वास वाट पाहिली. मग करंजावर परत येऊन बातमी दिली : "पाणवठ्यावर साळिंदराचा हल्ला! काटा फेकून भैरूला केलं जखमी! आरोपीशी संपर्क साधला असता आतून नुसती गुरगुर!"

गुरगुर ऐकताच हरणं चार पावलं मागे सरली.

पाणवठ्याचे पंच होते दाजीसाहेब गवा. वजनदार गृहस्थ. त्यांनी लगेच हुकूम काढला : चौकशी होईपर्यंत आबाजीने पाण्याला तोंड लावू नये.

तिन्हीसांजेला आबाजी आणि त्याची बायको कोंडाबाई नेहमीसारखी आली. गवा वाटेत आडवा उभा होता.

"आबाजी, मागे फिरा."

"का हो दाजीसाहेब?"

"सकाळी तुम्ही भैरूवर हल्ला केलात."

"सकाळी? मी झोपलो होतो."

"ते बातमीत नव्हतं. तुम्ही काटे फेकून मारता म्हणे."

कोंडाबाईला हसू आवरेना. "हे? अहो, यांना पाठीवरची गोचीड काढायला मी लागते. हे काटे फेकणार?"

"वहिनी, तुमच्यावर बंदी नाही. तुम्ही प्या."

कोंडाबाई पाणी प्यायली. नवऱ्यासाठीही तिने एक घोट तोंडात धरला. पण वाटेत दाजीसाहेबांबद्दल बोलल्यावाचून तिला राहवेना, आणि बोलायचं तर घोट गिळावा लागे. बिळाशी पोचेपर्यंत तिची तहानही भागली होती आणि बोलूनही झालं होतं. आबाजी तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी आबाजी झोपला नाही. डोळे चोळत, ठेचकाळत सकाळी करंजाखाली गेला.

"मला माझी बाजू सांगायची आहे."

"काल कुठे होती बाजू?" थोरल्याने विचारलं.

"झोपेत होतो."

"असो. कालची बातमी शिळी झाली. आज चर्चा आहे. बसा."

चर्चेचा विषय होता : साळिंदराचा हल्ला, सवय की कट?

"हल्ला झालाच नाही," आबाजी म्हणाला.

"म्हणजे सवय की कट, या प्रश्नाला तुम्ही सरळ बगल देताय!"

मग सातही भाऊ बोलू लागले. आबाजीही बोलत होता, हे त्याच्या हलणाऱ्या जबड्यावरून दिसत होतं. एक ससा नंतर म्हणाला की चर्चा फार रंगली, फक्त कशावर होती ते कळलं नाही.

इतक्यात भैरू लंगडत आला. गर्दीत घुसून म्हणाला, "अरे गप्प बसा ना मेल्यांनो! काटा खाली पडलेला होता. मीच पाय ठेवला. त्या बिचाऱ्याला पाणी पिऊ द्या!"

सातभाई गप्प झाले. जंगलात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. पण थोरला अनुभवी होता. त्याने आवाज खाली आणला.

"मित्रहो, काल हाच भैरू कळवळत होता. आज तो बोलणं बदलतो आहे. त्याला बदलायला कोणी लावलं?"

सगळ्यांनी आबाजीकडे पाहिलं. भैरूही क्षणभर त्याच्याकडे पाहायला लागला, इतका तो आवाज चांगला होता.

आता आबाजीने रीतसर तक्रार करायचं ठरवलं. तक्रारी घ्यायला घोरपडबाई होत्या. त्या ज्या खडकावर बसत, तिथून सहसा हलत नसत.

"वार्ता-शुद्धी समितीकडे जाईल हे," घोरपडबाई म्हणाल्या.

"समितीत कोण आहे?"

"सात सदस्य."

आबाजीने थोडा विचार केला. "म्हणजे तेच सातभाई?"

"तेच कसे? सातभाई करंजावर बसतात. समिती शेजारच्या बोरीवर बसते."

तर सातभाई करंजावरून उडाले आणि बोरीवर बसले. आणि मुलांनो, मला खोटं सांगता येत नाही, समितीने काम अगदी कडकपणे केलं. स्वतःला उलटसुलट प्रश्न विचारले. एकदा तर थोरल्याने स्वतःला समज दिली. शेवटी बातमी चुकीची होती असा निर्णय झाला. दुरुस्ती करावी असा आदेश निघाला. तो बोरीवरून करंजावर रीतसर पाठवला गेला आणि तिथे रीतसर मिळाला.

दुरुस्तीची जागा नियमात ठरलेली होती. पाणवठ्यापासून दीड कोसावर एक वाळलेला साग होता, तो. वेळही ठरलेली होती, भर दुपारची. सातांपैकी सगळ्यात धाकटा तिथे एकटा गेला आणि म्हणाला, "भैरूच्या पायात गेलेला काटा फेकलेला नसून पडलेला होता, असं समजतं. तसदीबद्दल दिलगीर आहोत."

ऐकायला एक सरडा होता. साक्षीला याल का, असं आबाजीने त्याला विचारलं, तेव्हा तो खोडाच्या रंगाचा झाला आणि पुन्हा सापडला नाही.

आबाजी गव्याकडे गेला. त्याची जीभ आता टाळूला चिकटत होती.

"दाजीसाहेब, दुरुस्ती झाली. आता पाणी पिऊ?"

"मी ऐकली नाही," गवा म्हणाला. त्याला आबाजीची दया येत होती, हेही नमूद केलं पाहिजे. "हे बघा, बंदी मी बातमी ऐकून घातली. उठवायची तरी बातमी ऐकूनच उठवणार. करंजावरून एकदा येऊ द्या की आबाजी निर्दोष. त्याच क्षणी मी बाजूला होतो."

आबाजी करंजाखाली गेला.

"देऊ की," थोरला म्हणाला. "आनंदाने देऊ. पण खात्री नसताना काही द्यायचं नाही, असं आम्ही आता ठरवलंय. मागच्या वेळी जरा घाई झाली. दाजीसाहेबांनी बंदी उठवली, की तुम्ही निर्दोष असल्याची खात्री होईल. मग लगेच बातमी."

पाणी समोर होतं. मग आबाजीने हा अर्ज लिहिला.

तात्पर्य : मुलांनो, या गोष्टीत सातभाईंना नावं ठेवू नका. त्यांनी दुसरी बाजू विचारली, चर्चा घडवली, समिती बसवली, चूक मान्य केली आणि दिलगिरीही व्यक्त केली. यापेक्षा जास्त सचोटी पक्ष्यांना झेपत नाही. तेव्हा ज्याला निर्दोष राहायची हौस असेल, त्याने तहान बेताची ठेवावी.

सद्यःस्थिती : अर्ज गव्याकडून अभिप्रायासाठी करंजाकडे, करंजाकडून बोरीकडे आणि बोरीकडून घोरपडबाईंच्या खडकावर आला आहे. अर्जदार सध्या कंदमुळांतल्या ओलाव्यावर आहे. अर्ज प्रलंबित आहे.