शालिकरामजींचे पाय

शनिवारी दुपारी साडेबारा वाजता प्रेमिलाबाई नवऱ्याला जेवायला बोलवायला गच्चीवर गेल्या, आणि त्यांची किंकाळी खालच्या पानठेल्यापर्यंत ऐकू आली.

"अजी, उठा! तुमच्या पायाले काय झालं?"

शालिकरामजी पाण्याच्या टाकीखाली गाढ झोपले होते. पहाटे पाचपासून त्यांनी एकट्यानं सगळ्या गच्चीला पांढरा चुना मारला होता. उन्हाळ्यात स्लॅबला चुना मारला की खालची खोली जरा तरी गार राहते, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दहा वाजता काम संपलं, शालिकरामजी टाकीच्या सावलीत क्षणभर आडवे झाले आणि तो क्षण अडीच तास चालला. तोपर्यंत सूर्य डोक्यावर आला, सावली आखडून टाकीखाली गेली. धड सावलीत राहिलं, पण बर्मुड्याबाहेरचे दोन्ही पाय उन्हात. वरून मे महिन्याचा सूर्य आणि खालून पांढऱ्याशुभ्र चुन्याची झळ! गुडघ्याखाली पाय लालबुंद झाले होते आणि बघता बघता फुगत होते.

"काही नाही वं," शालिकरामजी डोळे चोळत म्हणाले. "तीस वर्षं हिंगण्याच्या कंपनीत भट्टीसमोर उभा राहिलो मी. मले काय ऊन लागते?" आणि ते उभे राहिले. उभे राहिले आणि लगेच बसले.

एरवी हे दुखणं घरातल्या घरात निभलं असतं. पण दुसऱ्या दिवशी, रविवारी अकरा वाजता, त्यांच्या मिनलचं साक्षगंध होतं. पुण्याकडे साखरपुडा म्हणतात तेच ते. पंचवीस माणसं घरी येणार होती आणि त्यांत चंपतराव होते.

चंपतराव म्हणजे होणारे व्याही, इकडच्या बोलीत इवाई. काटोलला त्यांचा संत्र्यांचा मोठा व्यापार. माणूस वाईट नाही हो, पण मानपानाच्या बाबतीत भारी नाजूक. सख्ख्या पुतण्याच्या पत्रिकेत त्यांचं नाव धाकट्या भावाच्या खाली छापलं गेलं, तर हे गृहस्थ मांडवात भिंतीकडे तोंड करून बसले आणि जेवले ते बस स्टँडवरच्या हॉटेलात. फेब्रुवारीत मिनलला पाहायला आले तेव्हा चहाचा पहिला कप चुकून त्यांच्या साळ्याच्या हातात गेला. झालं! अडीच महिने निरोप नाही. मिनल आणि ऋषिकेश सीताबर्डीच्या एकाच विमा ऑफिसात कामाला, दोघांचा एकमेकांवर जीव. त्या अडीच महिन्यांत पोरगी अर्धी झाली. ऋषिकेशनं बापाच्या किती मिनतवाऱ्या केल्या ते त्याचं त्यालाच माहीत. अखेर साक्षगंधाची तारीख निघाली आणि शालिकरामजींनी मनाशी ठरवलं, की आता व्याह्यांना तक्रारीला तिळाएवढी जागा ठेवायची नाही. खोलीत गरम झालं म्हणून चंपतराव उठून गेले तर? म्हणून तर तो चुना.

आता मुलीचा बाप पाहुण्यांना फाटकाशी उभा राहून घ्यायला जाणार कसा, हा प्रश्न होता.

"पहिले थंडं पाणी टाकते," असं म्हणून प्रेमिलाबाईंनी त्यांना मोरीत बसवलं आणि पायांवर नळ सोडला. मे महिन्यातल्या दुपारी एक वाजता टाकीचं पाणी! त्यात चहाची पत्ती टाकली असती तर रंग उतरला असता. शालिकरामजींनी असा काही सूर लावला, की मिनल चेहऱ्यावरचा लेप तसाच ठेवून धावत आली.

"आई, अवं काय उकडून राहिली तू बाबाले?"

घरात थंड पाणी होतं फक्त कूलरच्या टबात. शालिकरामजी भिंत धरत धरत मागच्या अंगणात गेले, कूलरची एक जाळी काढली आणि स्टुलावर बसून दोन्ही पाय टबात सोडणार, एवढ्यात मिनलनं आतून बटण बंद केलं आणि पिनही उपसली.

"करंट लागंल ना, बाबा! उद्या साक्षगंध कराचं आहे का तेरवी?"

पायांना बरं वाटलं, पण कूलर बंद पडून घराची भट्टी झाली. मिनलचा लेप ओघळून मानेवर आला. पंधरा मिनिटांत टबातलं पाणीही कोमट झालं. मग प्रेमिलाबाईंनी दही आणलं. उद्याच्या कढीसाठी आणलेलं तीन किलो दही नवऱ्याच्या पायांवर थापताना त्यांच्या जिवावर आलं होतं. तेही अर्ध्या तासात वाळलं, तडकलं आणि त्याचा घमघमाट सुटला. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना चारदा फोन लावला. डॉक्टर पुतणीच्या लग्नात नाचत होते, त्यांनी उचलला नाही.

आणि तेव्हा रुखमाबाई आल्या. रुखमाबाई शेजारच्या. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर इलाज असतो, फक्त दुखणं कोणाला झालंय एवढं त्यांना कळावं लागतं.

"दही कायले लावलं वं, प्रेमिला? अशानं गरमी आतच राहते. मेंदी लाव मेंदी! आमच्या गावाकडं उन्हाळ्यात सारे माणसं तळपायाले मेंदी लावते. पुरी गरमी ओढून घेते."

"तळपायालेच लावजा हं, वहिनी," शालिकरामजी म्हणाले. एव्हाना त्यांची सगळी ऐट उतरली होती.

पण रुखमाबाईंचा हात सढळ. उद्याच्या बायकांच्या हातांसाठी त्यांनी अर्धा किलो मेंदी भिजवून ठेवली होती, ती अख्खी घमेल्यासकट आणली. तळपाय झाले, पावलं झाली, घोटे झाले. "आता इथवर आली तं अर्धवट कायले सोडाचं?" असं म्हणत त्या थेट गुडघ्यापर्यंत पोचल्या. खरं सांगायचं तर शालिकरामजींना गार वाटलं. इतकं गार वाटलं, की ते तिथेच घोरू लागले. संध्याकाळी मेंदी धुतली. आग बरीच कमी होती, पण सूज तशीच होती आणि गुडघ्याखाली दोन्ही पाय पिकल्या संत्र्याच्या रंगाचे झाले होते. तो रंग सकाळपर्यंत आणखी चढला.

रविवारी आठ वाजता डॉक्टरांचा फोन आला.

"पाणी भरपूर प्या. पाय खाली सोडू नका, उशांवर उंच ठेवा, छातीच्या वर. अन् वरून हे ते काही लावू नका."

"लावलं ना, डॉक्टरसाहेब."

"काय लावलं?"

"मेंदी."

"घरी लग्न आहे काय कोणाचं?"

"मुलीचं साक्षगंध आहे."

"मग तुम्ही काहून लावली?"

फोन ठेवला आणि घरात बैठक बसली. मिनल म्हणाली, सरळ खरं सांगून टाकू. प्रेमिलाबाईंनी कपाळाला हात लावला. "कोणाले सांगते? चंपतरावले? चहाच्या कपावरून रुसणारा माणूस तो! इवाई घरी येतीन अन् हे त्यायच्याकडं पाय करून लोळत पडतीन, चालते काय?"

शेवटी असं ठरलं, की दिवाण कोपऱ्यात सरकवायचा, शालिकरामजींनी तीन उशांवर पाय ठेवून टेकून बसायचं, वर चादर टाकायची आणि कंबर लचकली म्हणून सांगायचं. पाय स्वयंपाकघराकडे करायचे, म्हणजे पाहुण्यांचा अपमान नको. सगळं कसं चोख झालं. रुखमाबाईंनी चादरीच्या कडा गादीखाली खोचल्या.

अकराला काटोलच्या दोन गाड्या आल्या. चंपतराव उतरले. पांढरा झब्बा, पांढरा पायजमा, डोळ्यांवर गॉगल. मुलीचा बाप फाटकाशी नाही हे त्यांनी उतरता उतरताच पाहिलं आणि त्यांची मान ताठ झाली. प्रेमिलाबाईंनी कमरेचं सांगितलं. "हं," एवढंच ते म्हणाले. आत आले, कूलरसमोरची मानाची खुर्ची त्यांना दिली. चहाचा पहिला कप प्रेमिलाबाईंनी स्वतःच्या हातांनी त्यांनाच नेऊन दिला.

"गार आहे तुमचं घर," चंपतराव म्हणाले. शालिकरामजींचे डोळे भरून आले. पाय भाजले, पण चुना कामी आला.

आता सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण ऋषिकेश संस्कारी पोरगा. तो सासऱ्यांच्या पाया पडायला निघाला.

"राहू द्या, राहू द्या, जावईबापू!" शालिकरामजी घाईनं म्हणाले.

सासरे भिडेखातर म्हणतात असं ऋषिकेशला वाटलं. त्यानं चादरीवरूनच दोन्ही पाय भक्तिभावानं, गच्च धरले.

"माय वं ऽऽ!"

शालिकरामजी वीतभर उडाले. चादर ओढली गेली, उशा घरंगळल्या आणि पंचवीस पाहुण्यांच्या समोर ते दोन पाय उघडे पडले. दुपटीनं सुजलेले, गुडघ्यापर्यंत केशरी.

चंपतरावांनी गॉगल काढला. "हे काय आहे?"

"मेंदी," रुखमाबाई म्हणाल्या. कोणताही प्रश्न अनुत्तरित राहिलेला त्यांना सहन होत नाही.

"ते दिसून राहिलं मले. नवरीच्या बापाले? गुडघ्यापर्यंत?"

शालिकरामजींनी मिनलकडे पाहिलं. नवी साडी नेसून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिच्या ओठांचा रंग उडाला होता. पोरीचा संसार आपण मांडण्याआधीच मोडला, या विचारानं त्यांना रडू कोसळायचंच बाकी होतं. झालं ते झालं, आता खोटं नको, असं ठरवून त्यांनी हात जोडले.

"इवाई, खरं सांगतो. काल गच्चीवर चुना मारता मारता झोप लागली. पायाले ऊन लागलं. म्हणून ही मेंदी."

"ऊन?" चंपतराव उठून उभे राहिले. "नागपूरच्या माणसाले ऊन लागते? अन् तेही फक्त पायाले? मले काय येडा समजता काय तुम्ही?"

"खरंच सांगतो ना, देवाशपथ!"

"म्हणजे तुमच्यात रीत आहे, ते लपवून राहिले तुम्ही. साक्षगंधाले बापाले मेंदी लावाची रीत आहे. चादरीखाली पाय झाकून ठेवले, काहून? तं इवायाले कळू नये! नवरीच्या बापाले गुडघ्यापर्यंत मेंदी, अन् नवरदेवाच्या बापाले? आम्ही काटोलहून दोन गाड्या करून आलो, आम्हाले बोटभर नाही!"

खरं सांगून झालं होतं, ते तर कोणी घेतलं नाही. शालिकरामजींनी हताश होऊन रुखमाबाईंकडे पाहिलं.

रुखमाबाई पदर खोचून पुढे आल्या. "तुमची काढून ठेवली ना, भाऊ. पाहुण्याले आल्या आल्या कशी लावाची? चहा तं होऊ द्या म्हटलं."

चंपतराव हळूहळू खाली बसले. "मग तसं सांगाचं ना पहिलेच," ते म्हणाले. जरा वेळानं पुन्हा म्हणाले, "यायच्या पायाले गुडघ्यापर्यंत आहे. मले कुठवर?"

"नवरदेवाच्या बापाले एक बोट वर," रुखमाबाई म्हणाल्या. हे त्यांनी उभ्या उभ्या ठरवलं. चंपतरावांचा चेहरा एकदम खुलला.

मेंदी मात्र काल संपलेली होती. मिनलच्या मावशीला मागच्या दारानं सीताबर्डीच्या बाजारात पिटाळलं. ती चार पुडे घेऊन येईपर्यंत पाहुण्यांना दोनदा सरबत पाजलं. मग चंपतरावांनी मेंदी सगळ्यांना दिसावी म्हणून दिवाण पाहुण्यांकडे फिरवून घेतला, पायजमा वर सारला आणि ते व्याह्यांच्या शेजारी बसले. उशा किती, हेही त्यांनी मोजलं. शालिकरामजींना तीन होत्या, म्हणून त्यांना चार दिल्या. चार उशांवर पाय, त्यांवर थंडगार मेंदी आणि कूलरची हवा. काटोलचा हा खडूस माणूस दहा मिनिटांत डोळे मिटून म्हणाला, "आहाहा! लय चांगली रीत आहे, इवाई. आमच्याकडं काहून नाही कोणास ठाऊक."

मुलाच्या दोन मामांनीही लागलीच मोजे काढले. दिवाणावर जागा नव्हती, ते खाली सतरंजीवर बसले. अशा रीतीनं आठ पाय ओळीनं पाहुण्यांकडे करून मिनल आणि ऋषिकेशचं साक्षगंध झालं. अंगठी घालताना मिनलचे खांदे हलत होते. पोरगी रडते आहे असं वाटून बायकांनी डोळ्यांना पदर लावले. ती हसत होती, हे फक्त ऋषिकेशला कळलं.

शालिकरामजींची सूज चार दिवसांत उतरली, सालपटं निघाली आणि पाय पूर्ववत सावळे झाले. लग्न डिसेंबरात ठरलं. दिवाळीनंतर चंपतरावांनी पत्रिका छापून आणल्या. छान जाड कागद. प्रेमिलाबाई हळूहळू वाचू लागल्या आणि एका ओळीवर अडकल्या.

"हळद सकाळी आठ वाजता. अन् नऊ वाजता 'इवायांची मेंदी'. अजी, हे छापलं त्यायनं!"

"डिसेंबरात?" शालिकरामजी ओरडले. "सकाळी नऊ वाजता? कुडकुडून मरीन ना मी! आण वं फोन, खरं काय ते आता सांगूनच टाकतो."

फोन मिनलच्या हातात होता. तिनं दिला नाही. "बाबा, काल ऋषिकेश सांगत होता. पुतण्याच्या लग्नापासून त्याचे बाबा घरात कोणाशी धड बोलत नव्हते. आता धाकट्या भावाले फोन करून बोलावलं, तुलेही मेंदी लावतो म्हणे." तिच्या आवाजात बापाला पुढचं सगळं ऐकू आलं. तिला त्याच घरात जायचं होतं.

शालिकरामजींनी पत्रिका बाजूला ठेवली. मग त्यांनी पँटचा पाय वर सारला आणि गुडघ्यावर बोट ठेवलं.

"त्यायच्यापेक्षा एक बोट खाली म्हणजे इथवर ना वं, मिनल?"